नागपुरात पत्रकारिता आणि जनसंवाद शिकायचाय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पदवीचे निकाल लागले की आमच्या डेस्कवर ओळखीपाळखीच्यांचे फोन सुरू होतात. कुणाची भाची, कुणाचा शेजारी, कुणी थेट गोंदियाहून. प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. मी याच विद्यापीठातून शिकलो आणि गेली बरीच वर्षं मराठी दैनिकात आहे, तेव्हा उत्तरांत माझी मतं डोकावणारच. फी, तारखा आणि जागांचा आकडा दरवर्षी बदलतो. तो मात्र विद्यापीठाच्या प्रवेश सूचनेतच बघायचा.

सरकारी विद्यापीठ म्हणजे नेमकं कुठलं?

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ. स्थापना १९२३ ची, राष्ट्रसंतांचं नाव २००५ मध्ये जोडलं गेलं. नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे याच्या कक्षेत येतात. चंद्रपूर आणि गडचिरोली २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठात गेले, पण तिथली मुलं आजही इथे येतात आणि यावीतच. विद्यापीठाचा स्वतःचा जनसंवाद विभाग आहे. शिवाय संलग्न महाविद्यालयांतही हा विषय शिकवला जातो.

नागपुरात हा विषय नवाच आहे ना?

अजिबात नाही. हिस्लॉप कॉलेजात पत्रकारितेचा विभाग सुरू झाला तो पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला. अमेरिकेतल्या सिराक्यूज विद्यापीठाचे रोलंड वुल्सली १९५२-५३ मध्ये फुलब्राइट प्राध्यापक म्हणून इथे आले होते, त्यांनी तो उभा केला. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधला पत्रकारितेचा विभाग १९६४ चा. म्हणजे या बाबतीत आपण पुण्याच्या पुढे होतो, हे पुणेकरांना सांगायची संधी सोडू नका.

वर्तमानपत्रांचं तर विचारूच नका. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सुरू केलेला ‘हितवाद’ १९११ चा, हिंदी ‘नवभारत’ १९३४ चा, माडखोलकरांच्या संपादकत्वाखालचा ‘तरुण भारत’ १९४४ चा, आणि ‘लोकमत’ दैनिक म्हणून नागपुरातूनच निघाला, १९७१ मध्ये. मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांतले बातमीदार एकाच पत्रकार परिषदेत मांडीला मांडी लावून बसतात, असं शहर महाराष्ट्रात मुंबई सोडली तर हेच.

प्रवेशाला कुठली पदवी लागते?

पदव्युत्तर अभ्यासक्रमाला कुठल्याही शाखेची पदवी चालते. बी.एस्सी.वाल्यांना उगाच संकोच वाटतो. उलट अशा मुलांची आम्हाला गरज आहे. ज्याला वाचता येतं की पाण्याच्या नमुन्यात फ्लोराइड किती आणि किती असायला हवं, किंवा ज्या बी.कॉम.वाल्या मुलीला महापालिकेचा अर्थसंकल्प बघून घाम फुटत नाही, ती दोघं पहिल्याच वर्षी इतरांच्या पुढे जातात.

दोन वर्षांत शिकवतात काय?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर राज्यातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांची चौकट एकसारखी झाली आहे. चार सत्रं, दर सत्राला २२ श्रेयांक (म्हणजे क्रेडिट), एकूण ८८. पहिल्या वर्षानंतर थांबायचं असेल तर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. संशोधन पद्धती, कार्यानुभव आणि शेवटी संशोधन प्रकल्प हे सगळ्यांनाच आहे. बाकी विषय नेहमीचे: वृत्तसंकलन, संपादन, संवादाचे सिद्धांत, माध्यमांचा इतिहास आणि कायदे, जाहिरात, जनसंपर्क, रेडिओ, टीव्ही, डिजिटल माध्यमं.

मुलं सिद्धांतांना नाकं मुरडतात. मुरडू द्या. पण ‘अजेंडा सेटिंग’, म्हणजे लोकांनी कशाबद्दल विचार करायचा हे माध्यमं कसं ठरवतात, ते समजलं नाही तर आपल्या पेपरात पहिल्या पानावर काय जातं आणि सातव्या पानावर काय, याचा अर्थ आयुष्यभर लागत नाही.

इथे खरं शिकायचं असतं ते काय? वर्गात बसून पत्रकार होता येतं का?

हाच प्रश्न सगळ्यांत कमी विचारला जातो, म्हणून उत्तर जरा लांब देतो.

वर्ग हवाच. पण नागपुरात शिकण्याचा खरा फायदा वर्गाबाहेर आहे. दोन वर्षं तुमच्याकडे एक ओळखपत्र असतं आणि कुणालाही काहीही विचारायला निमित्त असतं. या शहरात विचारण्यासारखं किती आहे ते बघा. उच्च न्यायालयाचं खंडपीठ इथे आहे. राज्याच्या वनखात्याचं मुख्यालय सिव्हिल लाइन्समध्ये आहे, म्हणजे ताडोबाच्या वाघाची फाइलही इथेच फिरते. केंद्रीय कापूस संशोधन संस्था, लिंबूवर्गीय फळांची संस्था, पर्यावरणावर संशोधन करणारी नीरी, वेकोलि या सरकारी कोळसा कंपनीचं मुख्यालय, एका टोकाला दीक्षाभूमी आणि दुसऱ्या टोकाला रेशीमबाग. कापसाची बातमी मुंबईत बसून लिहिणारा माणूस फोन लावतो. तुम्ही वर्धा रोडची बस पकडता.

आणि डिसेंबर. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे भरतं. आत जायला प्रवेशिका लागते आणि ती विद्यार्थ्याला सहज मिळत नाही, त्यासाठी जीव काढू नका. खरी शाळा बाहेर भरते. यशवंत स्टेडियमहून मोर्चे निघतात, टेकडी रोड, मॉरिस कॉलेज टी-पॉइंट अशा ठिकाणी पोलीस ते अडवतात. तिथे उभं राहायचं. अंगणवाडी सेविका, विनाअनुदानित शिक्षक, हलबा, धनगर, कंत्राटी आरोग्य कर्मचारी, सगळे येतात. प्रत्येकाच्या हातात निवेदन असतं. ते निवेदन घ्या आणि घरी जाऊन वाचा. त्यात शासन निर्णयाचा क्रमांक दिलेला असतो. तो काढून बघा. मागणी किती वर्षांची आहे ते कळतं, आणि तीच तुमची बातमी. मोर्चात किती लोक होते, कुणी भाषण केलं, हे उद्या सगळ्यांकडेच छापून येणार आहे.

मोर्चा कव्हर करायला जाण्याआधी झिरो माइलजवळचं गोवारी स्मारक बघून या. २३ नोव्हेंबर १९९४ ला अशाच अधिवेशनातल्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ गोवारी बांधव गेले. बायका आणि लेकरं होती त्यात. बॅरिकेडच्या कुठल्या बाजूला, किती अंतरावर आणि बाहेर पडायच्या वाटेकडे लक्ष ठेवून उभं राहायचं, हे तिथे उभं राहिलं की वेगळं शिकवावं लागत नाही.

बातमी लिहायला शिकवतात म्हणजे काय करतात? एखादं उदाहरण द्या.

देतो. २२ सप्टेंबर २०२३ च्या रात्री नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. यावर बातमी लिहायला सांगितली की दहातली आठ मुलं असं सुरू करतात:

‘नागपूर शहरात झालेल्या मुसळधार पावसाने हाहाकार माजविला असून जनजीवन पूर्णपणे विस्कळीत झाले आहे. नागरिकांमध्ये भीतीचे वातावरण पसरले आहे.’

या दोन वाक्यांत माहिती शून्य. ‘नागपूर’ काढून ‘नांदेड’ टाकलं तरी चालेल, साल बदललं तरी चालेल. डेस्कवर आम्ही विचारतो: कुठलं ले-आउट, म्हणजे कुठली वसाहत? पाणी किती वाजता शिरलं? किती फूट? लोक झोपेत होते का? कुणी काढलं त्यांना, बोट कुणाची होती? मग इंट्रो, म्हणजे बातमीची सुरुवात, असा होतो की अंबाझरी ले-आउटमध्ये पहाटे लोकांना जाग आली ती पलंगाला पाणी लागल्यावर. आता वाचक पुढे वाचेल.

हे झालं पहिल्या दिवसाचं. चांगला शिक्षक इथे थांबत नाही. तो विचारतो, आठ दिवसांनी काय लिहाल? पंचनामे कुणाचे झाले, भाडेकरूंचं काय झालं. सहा महिन्यांनी? तलावाचा सांडवा, त्याच्या तोंडाशी असलेलं बांधकाम, तिथल्या विवेकानंद स्मारकाचा वाद, उच्च न्यायालयातली जनहित याचिका. एका रात्रीच्या पावसातून वर्षभर पुरेल इतकं काम निघतं. ‘हाहाकार’ लिहिणाऱ्याला ते दिसत नाही.

इंग्रजी कच्चं आहे. जमेल का?

बोलायला अडखळलात तरी जमेल, वाचायला अडखळून चालणार नाही. न्यायालयाचे निकाल, कॅगचे अहवाल, संशोधन संस्थांची पत्रकं इंग्रजीतच असतात आणि वृत्तसंस्थेची कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, भाषांतर करायला तुमच्याच टेबलावर येते. रोज एक इंग्रजी दैनिक वाचा. वर्षभरात फरक पडतो.

मला काळजी वाटते ती मराठीची. ‘संपन्न झाले’, ‘पार पडले’, ‘उपस्थितीत’, ‘याप्रसंगी’ हे शब्द बाजूला केल्यावर एक वाक्य लिहायला सांगितलं की मुलं अडतात. आणि हो, आपलं ‘करून राहिलो, जाऊन राहिलो’ घरी आणि टपरीवर खुशाल बोला. लिहिताना प्रमाण मराठी लागेल, पण भिवापूरच्या मिरची कापणाऱ्या बाईचं बोलणं अवतरणात तिच्याच शब्दांत आलं पाहिजे. तिच्या तोंडी पुस्तकी वाक्यं घालू नका.

विद्यापीठ बरं की खासगी संस्था?

खासगी संस्थेत स्टुडिओ चकचकीत, कॅमेरे नवे आणि फी लाखांत. विद्यापीठात फी त्या मानाने अगदी कमी, पण साधनांसाठी वाट बघावी लागते, कार्यालयीन कामाला चकरा होतात, निकाल लांबतो. शिष्यवृत्तीचा अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर भरायचा आणि मग पैसे जमा होण्याची वाट बघायची. हे सगळं खरं आहे आणि लपवण्यात अर्थ नाही.

तरीही घरची परिस्थिती बेताची असेल तर मी विद्यापीठच सांगतो. कारण साधं आहे. या धंद्यात सुरुवातीचा पगार कमी असतो. डोक्यावर शैक्षणिक कर्ज घेऊन पत्रकारितेत उतरलेला माणूस दोन वर्षांत जनसंपर्काच्या नोकरीत निघून जातो. त्याची चूक नसते, हप्ता थांबत नाही.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर आजचा साधा मोबाइल, वीसेक सेंटिमीटरचा ट्रायपॉड आणि कॉलरला लावायचा माइक यावर विद्यार्थ्याचं काम भागतं. तिन्हींत माइक पहिला घ्या. चित्र थोडं हललेलं लोक बघतात, आवाज ऐकू आला नाही तर पुढे सरकतात.

नागपूरच्या आसपास आणखी काय पर्याय आहेत?

अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे आणि तिथे मराठी पत्रकारितेचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम चालतो. वर्ध्याला महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय हे केंद्रीय विद्यापीठ आहे, हिंदीत काम करायचं असेल तर जरूर बघा. दोन्हीकडे अर्ज भरायला हरकत नाही.

माध्यम कायदे हा विषय पाठ करून निघतो का?

पेपर निघतो. नोकरीत अडकाल. एक प्रकार वारंवार घडतो तो सांगतो. लैंगिक अत्याचाराच्या बातमीत पीडितेचं नाव छापायचं नाही, एवढं सगळ्यांना पाठ असतं. नवा बातमीदार नाव गाळतो आणि लिहितो, ‘अमुक गावच्या सरपंचाच्या पुतणीवर’. झालं. गावात सरपंच एक, पुतणी एक. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये ओळख उघड होईल असा कुठलाही तपशील येतो, फक्त नाव नाही. मूल अठराच्या आतलं असेल तर पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचं कलम २३ वेगळं. आरोपी नात्यातला असेल तर त्याचं नाव छापूनही पीडितेची ओळख कळते. अशा वेळी आरोपीचंही नाव गाळायचं आणि गावही गाळायचं, फक्त तालुका उरतो. बातमी जरा फिकी दिसते. दिसू द्या.

माहितीचा अधिकार मात्र पहिल्या सत्रातच वापरायला लागा. अर्जाला दहा रुपये, उत्तराला तीस दिवस, महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर. ‘आमच्या भागातला रस्ता खराब का?’ असं विचारलं तर उत्तर येईल, ‘सदर माहिती अभिलेखावर उपलब्ध नाही.’ माहिती अधिकारात ‘का’ विचारायचं नसतं, कागद मागायचा असतो. त्या रस्त्याच्या कार्यादेशाची प्रत, मोजमाप पुस्तिकेची प्रत, अदा केलेल्या देयकांच्या प्रती आणि दोषदायित्व कालावधी (कंत्राटदाराने फुकट दुरुस्ती करून द्यायची मुदत) कधी संपतो ते कलम. मग रस्ता का खराब, ते तुम्हालाच कळतं. उत्तर आलं नाही तर प्रथम अपील, त्यानंतर राज्य माहिती आयोगाचं नागपूर खंडपीठ आहेच.

इंटर्नशिप कशी मिळते?

अर्ध्या वेळा विभागातून, अर्ध्या वेळा स्वतः जाऊन. मेलला उत्तर यायची वाट बघत बसू नका. दुपारी चारच्या आधी कार्यालयात जा, त्यानंतर डेस्कवर कुणाला मान वर करायला सवड नसते. सोबत चार बातम्या घेऊन जा, छापून आलेल्या नसल्या तरी चालेल. बायोडाटाकडे कुणी बघत नाही, कॉपी मात्र वाचतात.

इंटर्नला बहुतेक ठिकाणी पैसे मिळत नाहीत. तुम्हाला नुसत्या प्रेसनोट टाइप करायला बसवलं तर पंधरा दिवस करा, भाषा सुधारते. त्यानंतरही तेच चाललं असेल तर सरळ सांगा की बीटवरच्या, म्हणजे कोर्ट, पोलीस असं एखादं क्षेत्र सांभाळणाऱ्या, माणसासोबत पाठवा. जाहिराती आणायला सांगितल्या तर निघून या.

नोकरी लागते का? पगार किती?

लागते, पण कॅम्पसमधून कंपनी येऊन उचलून नेईल असं इथे होत नाही. सुरुवात प्रशिक्षणार्थी बातमीदार किंवा उपसंपादक म्हणून होते, बहुतेक कंत्राटावर. पत्रकारांच्या पगारासाठी नेमलेल्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी २०११ मध्ये अधिसूचित झाल्या, पण त्या हातात किती पडतात हे कुठल्याही ज्येष्ठाला चहा पाजून विचारा. तालुक्याच्या वार्ताहराची स्थिती त्याहून बिकट. अनेकांना मानधनापेक्षा जाहिरातीच्या कमिशनचाच आधार असतो. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

वर्तमानपत्राबाहेरही वाटा आहेत. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ पासून आहे आणि नैमित्तिक उद्घोषकांची निवड अधूनमधून होते. राज्य सरकारच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयात माहिती अधिकाऱ्यांची पदं असतात. केंद्राच्या माहिती सेवेतल्या काही पदांना तर पत्रकारितेची पदवी किंवा पदविका ही अटच आहे. रुग्णालयं, शिक्षणसंस्था, मेट्रोसारखे प्रकल्प, सगळ्यांना जनसंपर्काची माणसं लागतात.

शिकवण्याकडे वळायचं असेल तर?

नेट किंवा सेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय किंवा राज्य पात्रता परीक्षा. नेटमध्ये जनसंवाद आणि पत्रकारितेचा विषय क्रमांक ६३. पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा १०० चा, तीन तास, ३०० गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. सेट पुणे विद्यापीठ घेतं. २०२४ पासून पीएच.डी. प्रवेशासाठीही नेटचे गुण धरले जातात. मला विचाराल तर मधे तीन-चार वर्षं बातमीदारी करा आणि मग शिकवायला जा. मुलांना लगेच कळतं, समोरच्याने कधी पान लावलंय की नाही.

माझं यूट्यूब चॅनल आहे, बऱ्यापैकी चालतं. पदवी कशाला?

चालत असेल तर चालू ठेवा, पदवीसाठी बंद करू नका. फक्त एक विचार करा. तुमच्या व्हिडिओवर उद्या एखाद्या कंत्राटदाराने अब्रुनुकसानीची नोटीस पाठवली तर तुमच्याकडे कागद काय आहे? दोन्ही बाजू घेतल्या होत्या का? कॉल केल्याची नोंद आहे का? वर्तमानपत्रात चूक पकडायला तुमच्या वर तिघं असतात. चॅनलवर तुम्ही एकटे. ती सवय अंगात भिनवायला दोन वर्षं महाग नाहीत.

एआय आल्यावर बातमीदार लागणार का?

प्रेसनोटची बातमी करणारा नाही लागणार. तो आधीही फारसा लागत नव्हता. पाचपावलीच्या ठाण्यात जाऊन स्टेशन डायरी बघणारा आणि हवालदाराशी दोन शब्द बोलून एफआयआरमध्ये न आलेली गोष्ट काढणारा लागेल.

मुलीला पाठवायचं म्हणजे… रात्रपाळी असते ना?

हा प्रश्न बाबा विचारतात, मुलगी शेजारी गप्प बसलेली असते. असते रात्रपाळी. बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती सुटली की शहर आवृत्ती असते, पान सुटायला मध्यरात्र होते. मेट्रो त्याआधीच बंद झालेली असते. म्हणून नोकरी घेताना घरी सोडायची गाडी आहे का, हे पगाराच्या आधी विचारायचं. आणि बाबा, क्राइम, कोर्ट, विधिमंडळ या बीट मुलींना जमत नाहीत असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर एकदा कोर्टाच्या आवारात चक्कर मारून या.

बाहेरगावहून येतोय. राहायचं कुठे, बसायचं कुठे?

सामाजिक न्याय विभागाची, ओबीसींची आणि आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं आहेत, त्यांचे अर्ज वेगळे आणि वेळेत भरावे लागतात. धंतोलीच्या टिळक पत्रकार भवनात पत्रकार परिषदा होतात. मागे बसून ऐका, पहिल्या दिवशी प्रश्न विचारायची घाई नको. झाशी राणी चौकातल्या विदर्भ साहित्य संघात कार्यक्रम असतात. सकाळी तर्री पोह्याच्या ठेल्यावर उभं राहिलात तर अर्ध्या शहराची खबर फुकटात मिळते. खरीखोटी तपासायची जबाबदारी तुमची.

प्रवेशाला कागदपत्रं कोणती लागतात?

दहावीपासूनच्या गुणपत्रिका, टीसी, आधार, अपार किंवा एबीसी क्रमांक (विद्यार्थ्याच्या श्रेयांकांच्या ऑनलाइन खात्याचा). दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर मायग्रेशन. मधे वर्ष गेलं असेल तर त्याचं शपथपत्र. राखीव जागेसाठी जातीचा दाखला, लागू असेल तिथे वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेयर, शिष्यवृत्तीसाठी चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला. दरवर्षी चांगली मुलं अडकतात ती नॉन-क्रिमीलेयरच्या तारखेवर. तुमचं मार्चमध्ये संपलं असेल तर या आठवड्यातच सेतू केंद्रात जा, जून-जुलैत तिथे पाय ठेवायला जागा नसते.